हात वर केला की लूम बंद

“तिसरी तार कोकलस. पिळा तिले!”

सुभद्राबाई तुरीची डाळ निवडत होत्या. मान वर न करताच बोलल्या. हिलालरावांना काही ऐकू गेलं नाही. मग बाईंनी सुपातला एक खडा उचलला आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर नेम धरून मारला. म्हाताऱ्याने वर पाहिलं. बाईंनी तीन बोटं दाखवली आणि मूठ पिळली.

हिलालरावांनी हनुवटी गिटारीच्या लाकडावर टेकवली, डोळे मिटले, तार छेडली आणि खुंटी हळूच फिरवली. सुरतेत उधन्याच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, एकतीस वर्षं त्यांनी लूम असेच दुरुस्त केले होते, यंत्राच्या अंगाला तळहात लावून. शंभर लूम खडखडत असताना कानाला काम नसतं. तिथे सगळं बोलणं हातांचं. बोट गोल फिरवलं की चालू दे, हात वर केला की बंद. कानांनीही ते ओळखलं आणि हळूहळू कामावर यायचं सोडून दिलं. आता उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच काहीतरी आत शिरायचं.

कॅफेत वाजवायची ही आग सुनेने लावलेली. जयश्री वेसूच्या एका कॅफेत स्वयंपाकघर सांभाळायची. तिथे दर रविवारी संध्याकाळी जॅम असायचा. कुणीही यावं, काहीही वाजवावं. तिने सासऱ्याचं नाव परस्पर देऊन टाकलं.

“दारूचा अड्डा तर नई ना तो?” सुभद्राबाईंनी विचारलं होतं.

“आई, गुजरातमध्ये कुठला अड्डा? कोल्ड कॉफी पितात पोरं.”

“मंग कोल्ड कॉफी पीसन बहिऱ्याले हासतीन. मी नई येवाव त्या तमाशाले.”

लग्न झालं तेव्हा हिलाल पारोळ्याच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. तुणतुण्यावर चूल पेटत नाही, असं सुनावून गिटार माळ्यावर टाकायला लावली ती सुभद्राबाईंनीच, आणि नवऱ्याला सुरतेच्या गाडीत बसवलं तेही त्यांनीच. काय चुकलं? पोरं शिकली, दोन खोल्या झाल्या. काहीच चुकलं नाही, असं त्या अलीकडे स्वतःला वरचेवर सांगत. मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, उरलंसुरलं ऐकू येणंही जाईल, किती दिवसांत ते सांगता येत नाही. हिलालरावांनी घरी येऊन स्टूल लावलं आणि माळ्यावरून गिटार उतरवली.

“एक डाव,” एवढंच म्हणाले. “लोकेसमोर. आयकू येस तवलग.”

रविवारी चार वाजताच सुभद्राबाई ठेवणीतलं पातळ नेसून दारात उभ्या. हिलालराव बघतच राहिले.

“काय पाहतस? तार उतरनी ते सांगी कोन? तुमना काका?”

कॅफेत थंडगार हवा आणि गुडघ्यावर फाटलेल्या पँटी. “आयबापेसले चांगली पँट घेवाले जमत नई का?” सुभद्राबाई जयश्रीला म्हणाल्या आणि थेट पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. तीन पोरं वाजवून गेली. मग हिलालराव खुर्चीवर बसले, हनुवटी लाकडाला लावून तारा तपासल्या आणि हळदीची चाल धरली. त्यांच्या गावची, बायका नवऱ्या मुलाला हळद लावताना गातात ती.

सुरुवातीला कुणीतरी हसलं. सुभद्राबाईंनी मागे वळून असं पाहिलं की हसणाऱ्याची स्ट्रॉ तोंडातच राहिली. पण चाल चढत गेली. बोटांना सगळं आठवत होतं. पोरं डोलू लागली, आणि डोलता डोलता त्यांनी हात वर केले. चाळीसेक हात हवेत झुलू लागले.

हिलालरावांनी ते पाहिलं आणि वाजवणं थांबवलं.

एवढे हात वर! म्हणजे काहीतरी मोठंच बिघडलं. त्यांनी तळहात तारांवर दाबून धरला आणि त्यांचा चेहरा ओशाळला. पोरं गोंधळून एकमेकांकडे बघू लागली. म्हाताऱ्याने गिटार गळ्यातून काढायला हात घातला.

सुभद्राबाई उठल्या. खात्यात डबा द्यायला गेल्यावर इतकी वर्षं दारातून पाहिलेलं होतं सगळं. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि एक बोट गोल फिरवलं. जोरात. पुन्हा पुन्हा.

चालू दे.

चाल संपेपर्यंत बाई तशाच उभ्या होत्या.

परतताना उधना दरवाजाच्या सिग्नलला रिक्षा थांबली. हिलालरावांनी मांडीवरची गिटार सरळ केली आणि समोर बघतच विचारलं, “कसं व्हयनं?”

“चांगलं वाजाडं,” सुभद्राबाई पदर सारखा करत पुटपुटल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात असला शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होता.

“आं?”

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. दोन्ही बाजूंना स्कूटर, मोटारी, शेजारच्या रिक्षात भरलेलं अख्खं कुटुंब. मग त्या नवऱ्याच्या उजव्या कानाशी वाकल्या.

“चांगलं वाजाडं!”

स्कूटरवाले वळून बघू लागले. हिलालरावांनी तळहात कानामागे धरला. ऐकू गेलं नव्हतं, की पुन्हा ऐकायचं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

सुभद्राबाईंनी छाती भरून श्वास घेतला.