एप्रिलमध्ये शोभणारी कादंबरी

चारकोपच्या सोसायटीत अनुपमाताई सामंतांनी वाचक मंडळ काढलं, तेव्हा नियम एकच होता: पुस्तक आजचं हवं आणि लिहिणारा जिवंत हवा. नीलम वानखेडे मंडळात नवी. ती बोरिवलीच्या एका लॅबमध्ये कामाला होती आणि तिला खरोखरच वाचायला आवडायचं. मंडळात ही जरा अडचणीचीच गोष्ट होती.

जानेवारीत पुढची पुस्तकं ठरत होती. नीलमने नांदेडच्या एका तरुण लेखिकेची नवी कादंबरी पुढे केली. "झकास आहे. मी दोनदा वाचली."

अनुपमाताईंनी लेखिकेचं आडनाव पाहिलं आणि पुस्तक दोन्ही हातांनी अलगद टेबलावर ठेवलं. "फार महत्त्वाचं आहे हे. एप्रिलला घेऊ."

"एप्रिललाच का?"

"अगं, जयंतीचा महिना ना. शोभून दिसेल."

"आणि फेब्रुवारीत काय वाईट दिसेल?"

अनिरुद्धने विषय बदलला. तो विमा कंपनीत अधिकारी, मंडळात समीक्षक. त्याने व्हिएन्नातल्या एका एकाकी चित्रकाराची कादंबरी सुचवली. ती जेमतेम शंभर पानांची होती, त्यामुळे एकमताने मंजूर झाली.

एप्रिलच्या बैठकीला सगळ्यांनी पांढरे कपडे घालावेत, असा मेसेज आला. नेहमीचे वडेही नव्हते, नुसता चहा. गिरणीतून निवृत्त झालेले धाकूकाका परब त्यामुळे आधीच नाराज होते.

"ही कादंबरी अंगावर येते," अनिरुद्ध म्हणाला. "पानापानातून वेदना ठिबकते."

"मला तर रात्रभर झोपच नाही," सोसायटीतलीच मानसी म्हणाली.

"कुठल्या पानाने?" नीलमने विचारलं.

"म्हणजे... सगळ्याच."

नीलमने पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचू लागली. नायिकेच्या मामाला भाषणाचा नाद. भाचीच्या लग्नात तो माईक सोडतच नाही. वऱ्हाड भुकेलं, नवरदेव पेंगायला लागलेला. शेवटी आचारी मंचावर चढतो आणि मामाच्या तोंडात जिलबी कोंबतो. मामा ती गिळतो आणि म्हणतो, "धन्यवाद. आता मुद्दा दुसरा."

अनिरुद्धने डोळे मिटले होते. अनुपमाताई "अरेरे" म्हणाल्या. तेवढ्यात धाकूकाका खो-खो हसत सुटले. "आमचो थोरलो भाव असोच! युनियनच्या सभेत कोणाक जेवूक देय नाय!"

मानसीने ओढणी तोंडात धरली, पण तिलाही आवरेना.

"काका, तारतम्य ठेवा! वेदना आहे ती," अनुपमाताई म्हणाल्या.

"जिलबीत?"

"वेदना विनोदाखाली दडवलीय," अनिरुद्धने समजावलं.

"दडवलेली नाहीये," नीलम म्हणाली. "दुसऱ्या प्रकरणात नायिकेला भाड्याने घर देत नाहीत, तिथे उघड लिहिलंय. वाचू?"

अनिरुद्धने घड्याळ पाहिलं. अनुपमाताईंनी आभार मानले आणि फोटोसाठी नीलमला मधोमध उभं करायला निघाल्या. "हसू नकोस हं, गंभीर विषय आहे."

नीलमने पुस्तक पिशवीत टाकलं आणि सरळ जिना उतरली. राग तर होताच, पण हसूही येत होतं.

खाली बागेपाशी मागून हाक आली. धाकूकाका आणि मानसी धापा टाकत येत होते. "गो बाय, तां घराचां वाचून दाखव."

तिघं कठड्यावर बसली. नीलमने ते प्रकरण वाचलं. या वेळी कोणी हसलं नाही. मानसी म्हणाली, "आमचा एक फ्लॅट भाड्याने देतो आम्ही. ब्रोकर आधी आडनावच विचारतो."

"आणि तू?"

"मी त्याला 'विचारू नको' असं कधी म्हटलं नाही."

"मग पुढच्या वेळी म्हण," नीलम म्हणाली आणि तिसरं प्रकरण काढलं. "ऐका. इथे परत मामा येतो."