बसून घेतलेलं माप

टेलरकाकूंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापातल्या चुका काढल्या, त्यामुळे स्वतःच्या बागेत त्यांची जी फजिती झाली ती त्यांच्या चांगलीच जिव्हारी लागली.

निमित्त नवऱ्याचं. काका पस्तीस वर्षं पोस्टमन होते. नुसत्या पावलांच्या आवाजावरून लोक त्यांना ओळखत. अर्धांगाचा झटका आला, डावा पाय ओढायला लागला आणि ते घरात बसले ते बसलेच. रोज मोकळ्यावर चालले नाहीत तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. बाग होती, घराच्या दारापासून फाटकापर्यंत चांगली वीस पावलांची. पण शेजारच्या घरावर नवा मजला चढला होता आणि त्याची गॅलरी थेट बागेत डोकावत होती. "मला माझा तमाशा करायचा नाही," एवढं बोलून काका भिंतीकडे तोंड फिरवत.

काकूंना राग आला, नवऱ्याचा, त्या मजल्याचा आणि त्या मेल्या पायाचाही. त्यांनी जाड कॅनव्हास आणला, कुंपणाला बांबू ठोकले, ताठ उभं राहून आपल्या डोक्याच्या वर वीतभर माप घेतलं आणि चार दिवस मशीनवर मान मोडून पडदा शिवला. दुहेरी शिलाई, कडेला पितळी रिंगा, सुरकुती औषधाला नाही. मोठ्या ऐटीत त्या काकांसाठी मांडलेल्या खुर्चीत बसल्या, वर पाहिलं, तर अख्खी गॅलरी समोर. वरच्या वहिनी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी हातसुद्धा केला.

काकूंनी कपाळावर हात मारला. दिवसभर बसून काम करणाऱ्या माणसाची पँट शिवायची तर त्याला बसवून माप घ्यायचं, हे त्यांनी किती शिकाऊ मुलींना ओरडून सांगितलं होतं. इथे स्वतः कुंपणाशी उभ्यानं माप घेऊन मोकळ्या झाल्या होत्या, खुर्चीत बसून वर पाहिलंच नव्हतं. कुंपणाचा पडदा दुप्पट उंच केला असता तर बागेची विहीर झाली असती.

दुसऱ्या दिवशी त्या दोऱ्याचं रीळ घेऊन सरळ वर गेल्या आणि काय अडचण आहे ते वहिनींना आडपडदा न ठेवता सांगितलं. वहिनींचा चेहरा उतरला. खाली कुणी दिसलं की त्यांनाच चोरट्यासारखं व्हायचं, म्हणे; काल हात केला तोही ओशाळूनच. त्यांनी दोऱ्याचं टोक आपल्या डोळ्यांशी धरलं. काकू रीळ सोडत खाली आल्या, खुर्चीत बसल्या आणि दोरा कपाळापर्यंत ताणला. बघतात तर खुर्चीच्या जवळ दोरा डोक्यापासून जेमतेम हातभर वर होता. कापड लागत होतं ते तिथे, कुंपणाला नव्हे.

मग काय, कुंपणावरचा पडदा उसवला. भिंतीपासून बांबूंपर्यंत उतरतं छत बांधलं, पुढे वाटेवरही दोरा ताणत ताणत नेलं. उठताना गुडघ्यावर भार येऊ नये म्हणून खुर्चीला जाड गादी शिवली. "काकू, आता तुमची चप्पलसुद्धा दिसत नाही," वहिनींनी वरून कळवलं. कापड मात्र बारा पावलांनाच पुरलं. फाटकाकडची आठ पावलं उघडी राहिली.

तिसऱ्या दिवशी काका बाहेर आले. पहिल्यांदा काठी टेकत चार पावलं चालले, मग सहा. महिन्याभरात बाराही पावलं होऊ लागली. बाराव्या पावलाला कापडाची सावली संपली की ते गुमान मागे वळत. काकू शिवणातून मान वर न काढता मोजत बसत.

एका सकाळी नव्या पोस्टमनने पत्रांचा गठ्ठा फाटकावरून भिरकावला. तो नुकत्याच पाणी घातलेल्या वाफ्यात पडला. काका खुर्चीतून उठले. बारावं पाऊल झालं, तेरावं झालं, आणि काकूंची सुई हवेतच थांबली. पाय ओढत, उघड्या उन्हात, वहिनींच्या देखत ते फाटकाशी पोचले.

"पत्र हातात द्यायचं असतं," ते शेजारी पत्रं टाकून परतणाऱ्या पोस्टमनला म्हणाले. "कुणाला वाकायला लावायचं नाही." पोस्टमनने खालमानेने आत येऊन गठ्ठा उचलला, बाहीला पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

वहिनी चोरट्यासारख्या आत पळाल्या नाहीत. आमचीही पत्रं तो अशीच टाकतो, असं त्यांनी गॅलरीतून सांगितलं. आजपासून नाही टाकणार, असं काकांनी मान वर करून उत्तर दिलं. पस्तीस वर्षांचा तो जुना आवाज काकूंनी कितीतरी महिन्यांनी ऐकला. काठी खुर्चीला टेकलेलीच राहिली होती. काकूंना हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

काका परत येऊन बसल्यावर काकूंनी विचारलं, उरलेल्या आठ पावलांसाठी अजून कॅनव्हास आणू का?

"नको," काका पत्रांवरची माती झटकत म्हणाले. "तेवढं ऊन राहू दे."