सासूबाईंचा डोंगर

आमच्या साहेबांनी आपल्या सासूबाईंना एका लघुग्रहावरचा डोंगर दिला आणि स्वतःच्या हाताने स्वतःची पंचाईत करून घेतली.

डोंगर मीच शोधला होता. यान लघुग्रहाभोवती फिरताना खाली लेझरचा झोत मारतं. तो आपटून परत यायला किती वेळ लागला, यावरून जमीन किती लांब ते कळतं. लवकर आला तर उंचवटा, उशिरा आला तर खोलगट. एका फेरीत झोत इतका लवकर परतला की साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी डोंगराला सासूबाईंचं नाव ठेवलं. लग्नापासून त्यांच्याशी मुलीमार्फत बोलणाऱ्या सासूबाई त्या दिवसापासून थेट बोलू लागल्या.

मग त्या डोंगर बघायला येणार असं ठरलं. नेमकी त्याच सकाळी यानाची आधीच्या वाटेला छेद देणारी आडवी फेरी आली आणि त्याच जागी खड्डा दाखवून गेली.

"नीट बघ," साहेब म्हणाले.

"बघितलं, सर. पहिल्या फेरीत यान आपण धरलं होतं त्यापेक्षा खाली होतं. जमीन जवळ आली, आपल्याला वाटलं डोंगर आहे."

"संध्याकाळपर्यंत राहू दे."

"सर, डोंगर नाहीच आहे."

"नसला तरी राहू दे."

सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, शेजारणीला घेऊन आल्या. पडद्यावर नकाशा होता : उंच भाग लाल, खोल भाग निळा. नवी मोजणी मी त्यात भरून टाकली होती, त्यामुळे सासूबाईंचं नाव आता निळ्यावर होतं.

"हा निळा तुमचा का हो?" शेजारणीने विचारलं.

साहेबांनी एका लाल डागाकडे बोट उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि बोट खिशात घातलं. "आई, डोंगर नव्हता. खड्डा निघाला."

"लग्नाच्या वेळीही असंच. स्वतःचं घर म्हणालात, निघाली भाड्याची खोली."

"यान कुठे आहे, हे समजण्यात चूक झाली हो."

"आपण कुठे आहोत याचा पत्ता नाही, आणि जगाचं उंचसखल मोजताय?"

साहेबांनी दुसरा हातही खिशात घातला.

"खड्डा तुमच्या नावावर करा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "मला तो पलीकडचा लाल द्या."

साहेब कसनुसे हसले. "तो संचालकांच्या आईंच्या नावावर आहे."

सासूबाईंनी खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर ऐसपैस बसल्या.

"मग तोही एकदा मोजून बघा," त्या म्हणाल्या. "सावकाश मोजा. मी आहे."