पिंडाशेजारची घंटा

दशक्रियेची वेळ सकाळी आठची होती. नऊ वाजून पाच मिनिटं झाली, तरी कऱ्हेच्या घाटावर ठेवलेल्या पिंडाला कावळा शिवला नव्हता आणि माइक अजून दादासोंच्या हातात होता. यातलं जास्त काय टोचतंय, हे पद्माताईंना ठरवता येईना.

त्यांचे यजमान केशवराव रणवरे इंदापूरच्या दूध शीतकरण केंद्रात सव्वीस वर्षं मॅनेजर होते. सकाळी सातच्या एसटीने जळोचीतून निघायचे, संध्याकाळी पावणेसहाच्या एसटीने परत फिरायचे. पद्माताईंना बघायला आले, तेव्हाही तीन प्रश्न विचारून, पोहे संपवून पस्तीस मिनिटांत उठले होते. परतीची गाडी होती. घरात भांडण झालं तर दोन्ही बाजूंना तीन-तीन मिनिटं मिळत. पद्माताईंना चार, कारण त्यांचं पहिलं मिनिट रडण्यात जाई.

गुरुजींना पुढे वडगाव निंबाळकरला दुसरी दशक्रिया होती. त्यांनी साडेनऊपर्यंतची मुदत दिली. "तोवर नाही शिवला, तर दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्राला चालतो."

"मला नाही चालत," पद्माताई म्हणाल्या.

गवताचा कावळा केला असता, तर संध्याकाळपर्यंत जळोचीभर झालं असतं: माणूस कशात तरी अडकून गेला, घरात काहीतरी कमी होतं. चाळीस वर्षांच्या संसारावर हा शेरा त्यांना नको होता.

मुलाने, मोहितने, पिंडासमोर हात जोडून शब्द देऊन पाहिले होते. आईला सांभाळीन. गाडी हळू चालवीन. कावळा हलला नाही, तेव्हा तो म्हणाला, "तंबाखू सोडतो, बाबा."

"तंबाखू?" मागून सूनबाई वैदेहीने विचारलं. "कधीपासून?"

त्यानंतर मोहितने शब्द देणं थांबवलं.

कावळा समोरच होता. लिंबाच्या फांदीवरून दोनदा खाली उतरला आणि दोन्ही वेळा दादासोंनी आवाज चढवल्यावर परत वर गेला. दादासो दूध संघाचे संचालक. संघाची निवडणूक पुढच्या महिन्यात होती आणि घाटावर चारशे सभासद बसले होते. भाषणाचं हे एकोणिसावं मिनिट.

"केशवराव म्हणजे वटवृक्ष!" दादासो गरजले. "आमी दोघं एका ताटात जेवलो!"

"डबा मी देत होते," पद्माताई शेजारी बसलेल्या गेणबाला हळूच म्हणाल्या. "दोघांना पुरेल एवढा कधी दिलाच नाही."

निरवांगीचा गेणबा केंद्रात केशवरावांचा शिपाई होता. "व्हय वैनीसाहेब. दादासो जेवायच्या येळंलाच यायचं, पर ताट येगळं."

नऊ वाजून एकवीस मिनिटं. सूत्रसंचालकाने मध्येच माइककडे वाकून सांगितलं की अजून अकरा मान्यवर आपल्या भावना व्यक्त करणार आहेत. गुरुजी दर्भ निवडू लागले.

पिंडाशेजारी केशवरावांच्या आवडीच्या वस्तू मांडल्या होत्या: कपभर चहा, कांदाभजी, चष्मा, आणि गेणबाने आणलेली पितळी घंटा, टेबलावर ठेवून वरून चापटी मारायची.

"ही कशाला आणलीस रे?"

"मीटिंगमधली हाय. साडेपाच झाले की सायब हीच वाजवायचं. कुनी बी बोलत असू द्या, चेरमन असू द्या. घंटा वाजली की मानूस खाली बसलाच पायजे."

"आणि मग?"

"मग दर येळंला एकच म्हनायचं." गेणबाने नाक पुसलं. "चला, घरी वाट बघत्यात."

इतकी वर्षं पद्माताईंना वाटत होतं की नवरा एसटीच्या वेळापत्रकाप्रमाणे घरी येतो.

त्या उठल्या. पिंडापाशी गेल्या, घंटा उचलली आणि वरून तळहात मारला.

टण्ण.

"आणि म्हणूनच या तालुक्याच्या विकासासाठी..." दादासोंचं वाक्य तिथंच तुटलं. बावीस वर्षं त्या मीटिंगला बसलेल्या माणसाचे गुडघे आपोआप वाकले. "धन्यवाद," ते म्हणाले आणि खाली बसले. मागे खुर्ची नव्हती, हे त्यांना बसल्यावर कळलं.

"चला," पद्माताई म्हणाल्या. माइकची गरज पडली नाही. "घरी वाट बघतायत."

घाट शांत झाला. कावळा उतरला. आधी त्याने एक भजं उचललं, मग दुसरं, आणि मग सावकाश पिंडाला चोच लावली. नऊ वाजून सत्तावीस मिनिटं.

"येळंच्या आत," गेणबा म्हणाला.

गुरुजींनी दर्भ पिशवीत टाकला. लोक उठू लागले, तेवढ्यात अकरा मान्यवरांतले पहिले, तात्याबा, कागद सावरत पुढे आले. "वहिनी, फक्त दोन मिनिटं..."

पद्माताईंनी घंटेवर हात ठेवला. तात्याबांनी कागदाची घडी घातली.