डोकं ठणकतंय

गोजे बेटावरच्या जहाजगोदीत वेल्डर असलेले मा देओक-सू मचाणावरून पडले आणि छातीखालचं त्यांचं सगळं अंग लुळं झालं. त्याला सहा वर्षं झाली होती. अपंगांकडून व्यायाम करून घेणारे शिक्षक मी तयार करायचे, आणि माझ्या वर्गात सरावासाठी मा काका आपणहून यायचे. "माझ्यावर काय चुकायचं ते चुका," पोरांना म्हणायचे, "मला तसंही खालचं काही कळत नाही."

मे महिन्याच्या तुकडीत बांग गी-ते होता. आधी जिममध्ये शिकवायचा. दणकट गडी, मनानं चांगला. त्या मंगळवारी काका चाकाच्या खुर्चीत बसून त्याच्यापुढे दोर ओढत होते.

"डोकं ठणकतंय रे."

"काका, नाटकं नकोत हं. पाचच राहिलेत. गोदीतला माणूस ना तुम्ही?"

काका हसले. आणखी तीनदा ओढलं. चेहरा लालभडक झाला, कपाळावरून घाम निथळायला लागला. गी-तेला वाटलं, चक्कर आली. त्यानं त्यांना चटईवर आडवं केलं आणि पाय वर धरले.

मी शेजारच्या खोलीत हजेरी भरत होते. त्याची हाक ऐकून धावले. काकांची लघवीची नळी मांडीखाली दुमडली होती. छातीच्या वर मणका मोडलेल्या माणसाचं मूत्राशय तुंबलं की रक्तदाब भडकतो; डोकं ठणकणं ही त्याची पहिली खूण, आणि आडवं केलं तर तो आणखी चढतो. त्याला ताठ बसवायचं, नळी मोकळी करायची. मी केलं, पण तोवर मेंदूत रक्तस्राव झाला होता.

हा धडा पहिल्याच आठवड्यात शिकवायचा असतो. सुट्ट्या आल्या म्हणून मी तो पुढे ढकलला होता.

केंद्राचे संचालक म्हणाले, "त्यांना आधीपासूनच रक्तदाब होता, असं लिहू. पोराचं आयुष्य वाचेल."

"आणि माझंही," मी म्हणाले.

दवाखान्यात काकांच्या बायकोनं, प्यो बाईंनी, एवढंच विचारलं, "ते काही बोलले होते का?"

"डोकं ठणकतंय म्हणाले होते."

"मग?"

मी सगळं सांगितलं. चौकशीतही तेच लिहून दिलं. माझा परवाना गेला.

काका जगले. वाचा गेली, उजवा हात गेला. गी-ते दर रविवारी तो हात हलवून द्यायला जातो. काका भिंतीकडे तोंड करतात. प्यो बाई त्याला घालवून देत नाहीत, पण ये, बस असंही म्हणत नाहीत.