शेपूची दाटी

सासरे दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दोन-तीन महिने थोरल्या मुलीकडे गेले आणि बियाण्यासाठी पेरलेला शेपू धाकट्या जावयाच्या हवाली झाला. जावई शिंपी. कापताना बोटभर कापड वाया गेलं तरी त्याच्या जिवाला लागायचं. इथे तर रोपारोपांत हातभर माती उघडी! त्याला राहवलं नाही. मोकळ्या जागी त्याने आणखी बी टोकलं आणि वरून सढळ हाताने युरिया फेकला.

"बाबांना एक फोन तरी करा," बायको म्हणाली.

"येऊन बघू दे की त्यांना!"

शेपू असा तरारला की बघत राहावं. हा येणाऱ्याजाणाऱ्याला बांधावर नेऊन दाखवायचा. "सासऱ्यांचं आपलं जुनं खातं, अर्धं रान झोपलेलं," असं म्हणून हसायचा.

फुलोऱ्याची वेळ झाली तरी पानंच वाढत राहिली. दाटीत खालची पानं कुजली. लुसलुशीत दांडे वाऱ्यासरशी आडवे झाले. फुलांच्या थोड्या छत्र्या उमलल्या, पण त्यांत बी भरलंच नाही.

सासरे परतले त्याच दिवशी बियाण्याचा व्यापारी आला. काळा चष्मा लावलेल्या सासऱ्यांनी एक छत्री तळहातावर चोळली, फुंकर मारली. सगळं फोलपट उडून गेलं.

"काय हो हे?" व्यापारी म्हणाला.

शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मीच सांगितलं होतं दाट लावायला," सासरे म्हणाले. "म्हातारपणी बुद्धी फिरली, दुसरं काय!"

शिंपी पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा राहिला. जेवताना सासऱ्यांनी "घ्या हो जावईबापू" म्हणत आग्रहाने वाढलं, तेव्हा तो ताट अर्धवट टाकून उठला.

सकाळी तो तडक व्यापाऱ्याच्या गोदामात गेला. "कालचं ते माझं काम. त्यांचा काही दोष नाही."

"तेव्हाच कळलं मला," पोतं शिवता शिवता व्यापारी म्हणाला. "इतकी वर्षं त्यांचं बी घेतोय. तुम्ही तोंड उघडता का, एवढंच बघत होतो."

शिंप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन त्याने सासऱ्यांना सगळं सांगितलं, बांधावरची टवाळीसुद्धा. ती मात्र त्यांना ठाऊक नव्हती. त्यांचा चेहरा पडला.

"शेपू पुन्हा लावता येईल," ते म्हणाले, आणि आत निघून गेले.

शिंप्याने विळा उचलला आणि पडलेल्या पिकात एकटाच जाऊन वाकला. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली, पण त्याने मान वर केली नाही.