शिडी धरणारी

डॉक्टरीणबाईंनी थोरलीचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि तिला झटकन आडवं केलं. छत गरगरलं. थोरलीने पलंगाची कड गच्च पकडली.

"चक्कर अजून आहेच की! व्यायाम करता ना रोज?"

"कसला व्यायाम? मला भित्रेपणावर औषध हवंय."

"अहो, भित्र्या कसल्या! बिघाड कानात आहे. तोल सांभाळणारा आणि भीती जागवणारा भाग मेंदूत एकमेकांना जोडलेले असतात. एक डगमगला की दुसरा ओरडतो, तो ओरडला की पहिला आणखी डगमगतो. मागच्या वेळी तुम्ही बाहेर आडव्या होतात, म्हणून बहिणीला सगळं समजावलं. व्यायाम केलात तर पुन्हा शिडी चढाल, हेही सांगितलं."

थोरली बघतच राहिली. धाकटी तर बाहेर येऊन म्हणाली होती, "कानात काही नाही गं ताई. मनाचे खेळ. शिडी विसर आता."

दोघी दुकानांच्या पाट्या रंगवायच्या. वर थोरली, खाली शिडी धरायला धाकटी. अक्षर थोरलीचं, म्हणून पाटीच्या कोपऱ्यातला सहीचा ठिपकाही तिचाच. चक्कर सुरू झाल्यापासून ती वरून विचारायची, "शिडी हलतेय का गं?" खालून ठरलेलं उत्तर यायचं, "काही हलत नाहीये. तुला वाटतंय." आता वर धाकटी असायची आणि कोपऱ्यात ठिपक्याऐवजी चांदणी. थोरलीने त्या चांदणीचंही तोंडभर कौतुक केलं होतं. हात धरून गिरवायला शिकवलं होतं मेलीला! परकं कुणी असतं तर एवढं लागलं नसतं.

ती कामावर पोचली तेव्हा दुकानदार शिडी धरून जांभया देत होता. तिने त्याला बाजूला केलं.

"आलीस?" वरून धाकटी म्हणाली. "काय म्हणाल्या बाई?"

"व्यायाम करते का, विचारत होत्या."

ब्रश थांबला. रंगाचा एक ओघळ अक्षराखाली उतरला. धाकटीने तो पुसला नाही.

"ताई, मी सांगणारच होते..."

"रंगव."

धाकटीने ब्रश पुन्हा रंगात बुडवला. मग बारीक आवाज आला.

"ताई, शिडी हलतेय का गं?"

थोरलीचे दोन्ही हात शिडीवर घट्ट होते.

"काही हलत नाहीये," ती म्हणाली. "तुला वाटतंय."